‘रिस्क’ हा शब्द वाचायचा कसा, वापरायचा कसा

माझ्या थोरल्या भावाच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. बेळगावातल्या एका दवाखान्यात काउंटरवरच्या मुलाने वहिनींसमोर एक इंग्रजी कागद सरकवला आणि म्हणाला, ‘‘हाय रिस्क आहे, इथं सही करा.’’ वहिनी खानापूर तालुक्यातल्या, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पेन हातात घेतलं, कागदाकडे बघितलं आणि पेन तसंच खाली ठेवलं. मला विचारलं, ‘‘भावोजी, म्हणजे हे आता वाचत नाहीत काय?’’

मी संध्याकाळी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. येळ्ळूर, हिंडलगा, जांबोटी अशा गावांतून मुलं येतात. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची असते, कुणाला उद्यमबागेतल्या कारखान्यात सुपरवायझर व्हायचं असतं. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत हा शब्द मी कधी नीट शिकवलाच नव्हता. फळ्यावर ‘रिस्क म्हणजे धोका’ लिहायचं आणि पुढे जायचं. तो कागद समजायला एवढा अर्थ पुरत नाही. म्हणून हा लेख, वहीत उतरवून घेता येईल असा.

आधी उच्चार आणि आपलेच शब्द

आपल्याकडे पुष्कळजण ‘रिक्स’ म्हणतात, जसं डेस्कचं ‘डेक्स’ होतं. जीभ ‘स्क’ला अडखळते. सवयीसाठी ‘रिस’ म्हणून थांबा, मग ‘क’ जोडा. दहा वेळा मोठ्याने म्हटलं की बसतं. मुलाखतीत पहिली छाप इथेच पडते, म्हणून मी हे आधी सांगतो.

आता अर्थ. सीमाभागात आपल्या कानावर तीन-चार भाषा एकदम पडतात, आणि त्यातच घोळ होतो. मराठीत ‘धोका’ म्हणजे संकटाची शक्यताही आणि दगाही. ‘त्यानं मला धोका दिला’ म्हणताना दुसरा अर्थ येतो. हिंदीत तर दगा हाच मुख्य अर्थ. विजेच्या खांबावर कवटीच्या चित्राखाली कन्नडमध्ये ‘अपाय’ लिहिलेलं असतं. कन्नडमध्ये त्याचा अर्थ धोका, आपल्या मराठीत मात्र अपाय म्हणजे झालेलं नुकसान. खांबाला हात लावण्याआधीची गोष्ट कन्नड सांगते, लावल्यानंतरची मराठी. इंग्रजी ‘रिस्क’ नेहमी आधीच्या बाजूला असते. अजून काही झालेलं नाही, होईल किंवा होणार नाही. नुकसान झालं की तिथे रिस्क हा शब्द संपला.

‘साहस’ हा शब्दही आपल्या ओळखीचा. बेळगावात ज्यांचं केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’. पण जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजबरीच्या गुन्ह्यांचा एक वर्ग होता. म्हणजे आपल्या भाषेत हा शब्द गुन्ह्यापासून गौरवापर्यंत चालत आला. ‘रिस्क’ने असा प्रवास केलेला नाही, त्यात शाबासकीही नाही आणि दोषही नाही. म्हणून ‘ही टुक अ रिस्क’चं भाषांतर सरसकट ‘त्यानं धाडस केलं’ असं करू नका. धाडस होतं की वेडेपणा, ते पुढचं वाक्य ठरवेल.

सगळ्यात जवळचा शब्द जोखीम. माझी आजी लग्नाला निघताना म्हणायची, ‘‘अंगावर जोखीम आहे, अंधार पडायच्या आत पोचूया.’’ जोखीम म्हणजे दागिने. जी वस्तू गमावली जाऊ शकते तीच जोखीम. हा अर्थ डोक्यात ठेवा, पुढे विम्याशी येऊ तेव्हा उपयोगी पडेल.

क्रियापद: त्याच्यापुढे काय येतं ते बघा

रिस्क हे नामही आहे आणि क्रियापदही. आपण बोलताना नाम करून त्याला ‘घेणे’ जोडतो, त्यामुळे क्रियापद वापरायचं सुचतच नाही. इंग्रजी बातमीत मात्र ते सारखं भेटतं, आणि त्याच्यापुढे तीन वेगवेगळ्या जातींची कर्मं येतात. या लेखातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, सावकाश वाचा.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा पात्र सोडून आल्या होत्या, चिकोडी-निपाणी भागातली गावं पाण्यात होती. समजा एक शेतकरी गोठ्यातल्या म्हशी सोडायला पाण्यात उतरला. त्याच्याबद्दल इंग्रजीत तीन वाक्यं होतात.

‘ही रिस्क्ड हिज लाइफ.’ इथे कर्म म्हणजे मोलाची वस्तू, जी जाऊ शकते. मराठीत: त्यानं जीव धोक्यात घातला.

‘ही रिस्क्ड ड्राउनिंग.’ इथे कर्म म्हणजे वाईट परिणाम, जो होऊ शकतो. मराठीत: बुडण्याचा धोका पत्करला.

‘ही रिस्क्ड एंटरिंग द वॉटर.’ इथे कर्म म्हणजे केलेली कृती. मराठीत: जिवावर उदार होऊन पाण्यात उतरला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात क्रियापदापुढे ‘इंग’चंच रूप आहे, दिसायला दोन्ही सारखी. पण ‘एंटरिंग’ घडलं आणि ‘ड्राउनिंग’ घडलं नाही. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी मुलं दुसऱ्या वाक्याचं भाषांतर ‘तो बुडाला’ असं करतात. ओळखायची युक्ती अशी: ‘इंग’चा शब्द घेऊन स्वतःला विचारा, हे त्याला हवं होतं का? पाण्यात उतरणं हवं होतं, म्हणजे ती कृती, ती झाली. बुडणं कुणालाच नको असतं, म्हणजे तो परिणाम, तो फक्त शक्यतेत होता.

आणखी एक नियम, परीक्षेत हमखास विचारतात. रिस्क क्रियापदानंतर ‘टु’ लावून दुसरं क्रियापद येत नाही. ‘आय कान्ट रिस्क टु लूझ धिस जॉब’ चूक, ‘आय कान्ट रिस्क लूझिंग धिस जॉब’ बरोबर. मराठीत आपण ‘गमावण्याची’ म्हणतो, त्यातलं ‘ण्या’ म्हणजे ‘इंग’ असं मी मुलांना सांगतो. व्याकरणाच्या काटेकोर हिशेबाने ते अगदी चपखल नाही, पण लक्षात राहतं.

आणि ‘लेट्स नॉट रिस्क इट’ ऐकलं तर त्यातल्या ‘इट’चं भाषांतर शोधत बसू नका. आपल्याकडे त्याला तयार वाक्य आहे: उगाच विषाची परीक्षा नको.

टेक, रन आणि बाकीचे

‘टेक अ रिस्क’ म्हणजे कळून-सवरून घेतलेली. निपाणीकडचा शेतकरी वर्षानुवर्षांची तंबाखू सोडून त्या रानात भाजीपाला लावतो, भाव पडू शकतो हे त्याला माहीत असतं: ‘ही टुक अ रिस्क.’ ‘रन अ रिस्क’मध्ये निवड असेलच असं नाही, परिस्थितीत सापडल्याचा भाव जास्त. वखारीचं छप्पर गळतंय, तरी तंबाखू आतच ठेवली: ‘ही रॅन द रिस्क ऑफ लूझिंग द होल क्रॉप.’ दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याचा थोडा दोष लावण्याचा सूरही असतो.

माणूस सोडून वस्तू किंवा परिस्थिती कर्ता असेल तर ‘टेक’ चालत नाही, तिथे ‘पोझ’ किंवा ‘कॅरी’ येतं. ‘द ओल्ड ब्रिज पोझेस अ रिस्क.’ पूल रिस्क घेत नाही, पूल रिस्क निर्माण करतो. बस्स, एवढं पुरे.

छोट्या शब्दांत सगळं आहे

माझ्या मते या शब्दाची खरी किल्ली त्याच्या शेजारच्या दोन-तीन अक्षरी शब्दांत आहे. आपण मोठा शब्द वाचतो आणि छोटा सोडून देतो. कागदावर फसतो ते तिथेच.

उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारा माझा एक विद्यार्थी एकदा कारखान्यातल्या सुरक्षेच्या तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन आला. तक्त्यावर रकाने होते आणि त्याला फक्त ‘फर्नेस’ कळत होतं. आम्ही त्याच एका भट्टीवर तीन वाक्यं केली.

‘रिस्क ऑफ बर्न्स’: ‘ऑफ’च्या पुढे काय वाईट होऊ शकतं ते. भाजण्याचा धोका.

‘रिस्क टु वर्कर्स’: ‘टु’च्या पुढे ते कुणाला होईल ते. कामगारांना असलेला धोका.

‘रिस्क फ्रॉम मोल्टन मेटल’: ‘फ्रॉम’च्या पुढे ते कशापासून येईल ते. वितळलेल्या धातूपासूनचा धोका.

काय, कुणाला, कशामुळे. हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याच तक्त्यावर पहिल्या रकान्याला ‘हॅझर्ड’ आणि पुढच्याला ‘रिस्क’ असं नाव होतं, आणि दोन्हींचं भाषांतर त्याने ‘धोका’ करून ठेवलं होतं. कारखान्याच्या भाषेत हे दोन वेगळे आहेत. वितळलेलं लोखंड हे हॅझर्ड. ते तिथे आहे, रोज असणार. ते तुमच्या पायावर सांडण्याची शक्यता किती आणि सांडलं तर इजा किती मोठी, या दोन्हींचा मिळून हिशेब म्हणजे रिस्क. लोखंड वितळवायचं तर हॅझर्ड काढून टाकता येत नाही. बूट, गेटर (नडगीवरचं जाड आवरण), नीट बांधलेली लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) आणि मोकळी वाट यांनी रिस्क कमी होते. हा फरक सांगता आला म्हणून नोकरीत वर गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यामुळे सुपरवायझरकीसाठी तयारी करणाऱ्यांनी यावर एक संध्याकाळ घालवाच.

आता ‘ॲट’. हा सगळ्यात फसवा.

‘ॲट रिस्क’ म्हणजे धोक्यात असलेला. ‘द हाउसेस निअर द रिव्हर आर ॲट रिस्क.’ इथे घरं कसलीच रिस्क घेत नाहीत, ती बिचारी जागच्या जागी आहेत.

‘ॲट युअर ओन रिस्क’ म्हणजे काही झालं तर जबाबदारी तुमची. गाड्या लावायच्या जागी ‘पार्किंग ॲट ओनर्स रिस्क’ अशी पाटी असते, तिचा अर्थ ‘इथे मालकाला धोका आहे’ असा होत नाही. गाडीला काही झालं तर आम्ही बांधील नाही, असं पाटी लावणारा सांगतोय. हेच शब्द लॉरीच्या बिल्टीवर असतात. शहापूर-वडगावातून साड्यांचं पार्सल पाठवणाऱ्यांनी ती पातळ पावती एकदा उजेडात धरून वाचावी: खालच्या कोपऱ्यात, बारीक टायपात, ‘ॲट ओनर्स रिस्क’. तिथे मालक म्हणजे लॉरीचा नव्हे, मालाचा. रेल्वेत तर १९८९ च्या कायद्यातच दोन दरांचा उल्लेख आहे, ‘ओनर्स रिस्क रेट’ आणि ‘रेल्वे रिस्क रेट’. रिस्क इथे चक्क ‘नुकसान कुणाच्या माथी’ या अर्थाने आली आहे. मराठीत आपण ‘तुझ्या जबाबदारीवर घेऊन जा’ म्हणतो ना, ते हेच.

आणि ‘ॲट द रिस्क ऑफ’ यात पुष्कळदा धोका नसतोच, नम्रता असते. ‘ॲट द रिस्क ऑफ साउंडिंग रूड, आय डिसअग्री.’ आपण म्हणतो, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण मला हे पटत नाही. ऑफिसच्या ईमेलमध्ये हे वाक्य फार कामाचं आहे, वरिष्ठांना मान देऊन आपलं म्हणणं मांडता येतं.

माणूसच रिस्क होतो तेव्हा

बँकेच्या परीक्षेत ‘क्रेडिट रिस्क’ येतं, म्हणजे दिलेलं कर्ज परत न येण्याची शक्यता. पण ‘ही इज अ बॅड क्रेडिट रिस्क’ या वाक्यात माणसालाच रिस्क म्हटलंय. मुलं इथे गोंधळतात.

याचं मूळ विम्याच्या धंद्यात आहे. रिस्क हा शब्द इंग्रजीत १७ व्या शतकात फ्रेंचमधून आला. लंडनमध्ये १६८० च्या दशकात एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे मालक आणि विमा उतरवणारे जमायचे. जहाज बुडालं तर अमुक एवढा वाटा मी सोसीन असं कबूल करणारा कागदाच्या खाली आपलं नाव लिहायचा. म्हणून तो ‘अंडररायटर’, खाली लिहिणारा. विमेवाल्यांच्या बोलण्यात ज्याचा विमा उतरवायचा ते जहाज, घर किंवा माणूस हीच ‘रिस्क’ झाली. आजीच्या अंगावरच्या दागिन्यांसारखीच, ती वस्तूच जोखीम.

तेव्हा ‘गुड रिस्क’ म्हणजे चांगला धोका असं काही नसतं. ज्याला कर्ज किंवा विमा द्यायला हरकत नाही असा माणूस. जामिनाच्या बातम्यांत ‘फ्लाइट रिस्क’ येतं, त्याचा विमानाशी संबंध नाही. जामीन दिला तर हा पळून जाईल अशी भीती असलेला आरोपी. आणि फ्रेंचमधूनच आलेला ‘रिस्के’ हा शब्द ‘रिस्की’सारखा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ जरा चावट, अश्लीलतेकडे झुकणारा. तो चुकून वापरू नका.

शेजारपाजारचे शब्द

‘डेंजर’ जवळ आलेलं संकट, शक्यतेचा हिशेब नाही. ‘गॅम्बल’ जुगार, जिथे हिशेब फारसा चालत नाही, नशिबावर सोडलेलं. ‘व्हेंचर’ म्हणजे पुढे पाऊल टाकणं. ‘अ‍ॅडव्हेंचर’चाच तो आखूड झालेला भाऊ, म्हणून धंद्याच्या नव्या उद्योगालाही व्हेंचर म्हणतात. ‘हॅझर्ड अ गेस’ म्हणजे अंदाज ठोकून देणे, इथे मात्र कारखान्यातला अर्थ लावू नका. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुक्यात गाडी बंद पडली की जे चारही पिवळे दिवे लावतो ते ‘हॅझर्ड लाइट’: मी इथे अडथळा होऊन उभा आहे, सांभाळा.

मुलाखतीतला प्रश्न

‘आर यू अ रिस्क टेकर?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तरही सगळ्यांनी पाठ केलेलं, ‘आय टेक ओन्ली कॅल्क्युलेटेड रिस्क्स.’ कॅल्क्युलेटेड म्हणजे पुढचं-मागचं तोलून पत्करलेली, शब्द चांगला आहे; पण उदाहरण नसलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने दिलेलं उत्तर मला अजून आवडतं: ‘आय लेफ्ट अ स्टेडी जॉब टु लर्न सीएनसी प्रोग्रामिंग. आय न्यू आय वुड लूझ सिक्स मंथ्स ऑफ पे, सो आय सेव्ह्ड दॅट मच फर्स्ट.’ म्हणजे, संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं (सीएनसी) प्रोग्रामिंग शिकायला बांधलेली नोकरी सोडली, सहा महिन्यांचा पगार जाणार हे माहीत होतं, म्हणून तेवढे पैसे आधी साठवले. यात रिस्क हा शब्द एकदाही नाही. काय गमावणार हे त्याला आधी माहीत होतं आणि त्याची सोय त्याने केली होती. कॅल्क्युलेटेडचा अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही.

पैशाच्या कागदावर

टीव्हीवर भरभर म्हटलं जाणारं वाक्य: ‘म्युच्युअल फंड इन्व्हेस्टमेंट्स आर सब्जेक्ट टु मार्केट रिस्क्स.’ इथला ‘सब्जेक्ट टु’ म्हणजे विषय नव्हे. बाजार वर-खाली होईल तसे तुमचे पैसेही होतील, त्यातून सुटका नाही, असं ते सांगतं. योजनेच्या कागदावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखं एक चित्र असतं, त्याला रिस्कोमीटर म्हणतात. जानेवारी २०२१ पासून त्यात सहा पायऱ्या आहेत: लो, लो टु मॉडरेट, मॉडरेट, मॉडरेटली हाय, हाय आणि व्हेरी हाय. ‘मॉडरेटली हाय’ हे ‘मॉडरेट’च्या वरचं आहे, खालचं नाही, एजंट घाईत असला की हे उलटं सांगितलं जातं. मुलीच्या लग्नाचे किंवा पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे असतील तर काटा कुठे आहे ते स्वतः बघितल्याशिवाय सही करू नका.

आणि तो दवाखान्यातला कागद

‘हाय रिस्क कन्सेंट’ म्हणजे काय? कन्सेंट म्हणजे संमती. हाय रिस्क म्हणजे हेच ऑपरेशन करून घेणाऱ्या इतर रुग्णांपेक्षा या रुग्णाला गुंतागुंत होण्याची शक्यता जास्त आहे. वय, साखर, हृदय, काही कारण असेल. वाचणार नाही, असं तो कागद म्हणत नाही. धोका नाही, असंही म्हणत नाही.

कागद हातात आला की पेन उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा, आणि ते काउंटरवरच्या मुलाला नव्हे, डॉक्टरांना. पहिला, ‘रिस्क ऑफ व्हॉट?’ रक्तस्राव, संसर्ग, भूल, नक्की कशाची भीती आहे. दुसरा, ‘हाउ हाय?’ अशा शंभर रुग्णांत किती जणांना असं होतं. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाबरलेल्या घरच्यांना तोच सुचत नाही: ‘व्हॉट इज द रिस्क इफ वी डोन्ट ऑपरेट?’ न करण्यालाही रिस्क असते, ती त्या कागदावर छापलेली नसते. इंग्रजी जमत नसेल तर खुशाल मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारा. समजून घेणं हा तुमचा हक्क आहे, समजल्याशिवाय दिलेली संमती ही संमतीच नव्हे.

त्या रात्री मी वहिनींना घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर थांबलो. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी मराठीतच दिली, मध्येमध्ये हाताने आकृती काढून. दहा मिनिटं लागली असतील. वहिनींनी सगळं ऐकलं, मग आपण होऊन चौथा प्रश्न विचारला, ‘‘आणि थांबलो तर किती दिवस थांबता येईल, डॉक्टर?’’ उत्तर ऐकून त्यांनी कागद मांडीवर घेतला, माझ्याकडून पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव, मराठीत, सावकाश लिहिलं.